आकाशातल्या खोलीची कडी

सुजाण वाचकहो, पुढील पानांत मी एका खोलीची हकीकत सांगणार आहे. वस्तुतः ती दोन खोल्यांची हकीकत आहे. त्यांपैकी एक भाईंदर पूर्वेस, नवघर रस्त्याच्या आतल्या गल्लीत होती. दुसरी अंतराळात होती. पहिली खोली काळाने आणि बिल्डरने मिळून पाडली. दुसरी आम्ही आमच्याच हातांनी घालवली. ती आम्ही का घालवली, आणि ती गेल्यामुळे कोण परत आले, हे यथामती निवेदन करण्याचा माझा मानस आहे. यात अंतराळ, उल्कावर्षाव आणि प्राणवायू यांचा उल्लेख वारंवार येणार असला, तरी वाचकांनी घाबरून जाऊ नये. मलाही त्यातले फारसे कळत नाही.

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. तदनंतर मी भाईंदरला आलो आणि पुस्तकबांधणीच्या एका दुकानात लागलो. ज्या पुस्तकांची पाने मी शिवली, ती मी वाचली. मात्र शिवण्याच्या क्रमाने वाचली, म्हणून माझ्या ज्ञानाचे काही दोरे मध्येच सुटलेले आहेत. असो.

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात आहे. वाडीतील माणसांनी मंडळ स्थापून, वर्गणी काढून पूर्वी भाईंदरला एक खोली घेतली होती. गावाहून नोकरीसाठी येणारा माणूस उतरला की थेट त्या खोलीवर जायचा. तळमजल्याची ती खोली तशी लहानच. परंतु तिच्यात दहा-बारा माणसे राहात, आणि कोणी पाहुणा आला तर तेरावाही मावे. भिंतीलगत प्रत्येकाची पत्र्याची पेटी. पेटीच्या वर, प्रत्येकाचा एक खिळा. त्या खिळ्यावर दुसऱ्याने शर्ट अडकवला तर महायुद्ध होई. कोपऱ्यात ग्रामदेवतेची तसबीर आणि तिच्यावर एक छोटा लाल दिवा. मोठा दिवा मालवल्यावर तेवढाच उजेड उरे. रविवारी पत्त्यांत मेंढीकोटचा डाव पडे. समोरच्या किराणा दुकानातील गुजराती शेठ दारातून विचारत, "आज कौन हारा?" आणि आतून दहाही जण एकसुरात विठूचे नाव घेत, मग तो जिंकलेला का असेना.

हा विठू म्हणजेच या हकीकतीचा नायक होय.

विठू एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होता. त्याने आयुष्यभर दुसरी पाळी केली. त्याचे बोलणे मोठे, हसणे त्याहून मोठे, आणि तो पॉलिश केलेल्या ताटांत स्वतःचा चेहरा पाहून भांग पाडतो, असे आम्ही म्हणत असू. त्याने लग्न केले नाही. कोणी विषय काढला तर म्हणे, "दहा जणांचा संसार हाय की माझा. अजून कितीजणांना पोसू?"

विठूच्या दुसऱ्या पाळीमुळे आमच्या खोलीत एक रीत पडली होती. सर्वजण झोपले तरी दाराला आतून कडी लावायची नाही. बाहेर माणूस आहे, हे त्याचे कारण. खाडीवरून वारा सुटला म्हणजे दार आपटे, म्हणून उंबऱ्यावर एक चप्पल आडवी ठेवून दार तिला टेकवले जाई. विठूचे ताट झाकलेले असे, अंथरूण घातलेले असे. तो आला की चप्पल बाजूला सरकवी आणि कडी लावी. जुनी लोखंडी कडी होती ती. लावताना दार थोडे उचलावे लागे, आणि मग 'खट्' असा आवाज होई. त्या आवाजाचा अर्थ, सगळी माणसे आत आली. मी अर्धवट झोपेत तो आवाज ऐकायचो आणि त्यानंतरच मला खरी झोप लागायची. आज माझ्या घराला तीन-तीन कुलुपे आहेत. परंतु तशी झोप मला पुन्हा लागलेली नाही.

कालांतराने एकेकाची लग्ने झाली, बिऱ्हाडे झाली. माझे बिऱ्हाड जवळच झाले. मंडळाचा चिटणीस गुणवंत, जो माझ्या शेजारच्या खिळ्याचा धनी होता, तो नालासोपाऱ्याला गेला. अखेर खोलीत विठू एकटा उरला. मग इमारत धोकादायक ठरली, पुनर्विकास आला, आणि सर्वांना खोल्या रिकाम्या कराव्या लागल्या. मी विठूला म्हणालो, "नवी इमारत होईस्तोवर माझ्याकडे चल." माझी पत्नी मंदा तर त्याची पेटी उचलायलाच गेली होती.

तो म्हणाला, "नको वहिनी. आता कुणी वाट बघायला नको माझी. सगळे कडी लावून झोपा." हे वाक्य तो हसत बोलला, म्हणून त्यातला अर्थ आम्हांस त्या वेळी जाणवला नाही.

तो गावी गेला आणि हळूहळू गप्प झाला. मी फोन केला की "बरा हाय" एवढेच बोलून ठेवून देई. पुढे उचलणेही बंद झाले. गावाहून येणारे सांगत की, विठू कोणाच्यात मिसळत नाही, सड्यावर, म्हणजे वाडीमागच्या उघड्या कातळावर, जाऊन बसतो. ज्या माणसाला गप्प करण्यासाठी आम्ही बारा जण कमी पडत असू, तो माणूस कोणाशी बोलत नाही, ही गोष्ट माझ्या मनाला पटेना.

इकडे नवी इमारत उभी राहिली. मंडळाच्या खोलीच्या बदल्यात अकराव्या मजल्यावर एक खोली मिळणार, असे ठरले. परंतु आमच्या मंडळाचा जुना नियम असा आहे की, खोलीत वाडीचा माणूस राहात असेल तरच ती वाडीसाठी ठेवावी. अन्यथा भाड्याने द्यावी. दसऱ्यानंतर बैठक भरायची होती. गुणवंतने मला स्पष्टच सांगितले.

"उत्तम, आता कोण राहणारे तिथे? पोरं थेट ठाण्या-पुण्यात फ्लॅट घेतायत. भाड्याने देऊ आणि मोकळे होऊ."

"विठू राहील," मी म्हणालो.

"विठू तुझा फोन उचलतो का?"

मी खिशातला मोबाइल चाचपला.

"मग? त्याने स्वतःच्या तोंडाने 'येतो' म्हणावं. मी नियम मोडणार नाही हां, आधीच सांगतो."

विठूच्या तोंडून एक शब्द मिळवणे, हे काम त्या दिवसापासून माझ्या डोक्यावर बसले. बैठकीपर्यंत तो शब्द मिळाला नाही, तर त्याची खोली दुसऱ्याची होणार होती. आणि मग त्याला परत आणायचे तरी कोठे, हा प्रश्न होता.

अशा वेळी अंतराळाचा प्रवेश झाला.

माझी कन्या संचिता खासगी कंपनीत नोकरी करते. फावल्या वेळात ती संगणकावर एक खेळ खेळत असे. तो विकत आणावा लागत नाही, इंटरनेटवर उघडायचा आणि खेळायचा. त्याचे नाव इंग्रजी आहे. त्यातली चित्रे बारीक-बारीक चौकोनांची. दोसुतीच्या कापडावर मंदा टाके घालून मोर काढते, अगदी तसे. त्या चौकोनांचीच माणसे, चौकोनांचेच तारे. चार माणसे एका निर्जन खडकावर उतरतात. तेथे हवा नाही, पाणी नाही. खडक फोडून लोखंड काढायचे, बर्फ आणून टाकीत घालायचा, त्यातून पाणी आणि श्वासाची हवा करायची, पत्र्याच्या भिंती उभारायच्या, कुंडीत बटाटे लावायचे, आणि जिवंत राहायचे. कोणी कोणाशी लढत नाही. चौघांनी मिळून जगायचे, हाच खेळ.

मी तिच्या खांद्यावरून ते पाहात होतो आणि माझ्या तोंडून निघून गेले, "ही तर आपली खोली आहे गं."

"काय बाबा! हे स्पेस स्टेशन आहे."

"तेच ते. चार माणसं, एक टाकी, पाळीपाळीने पाणी. तुझ्या विठूकाकाला हे एका दिवसात जमलं असतं."

संचिता माझ्याकडे वळून पाहू लागली. लहानपणी ती विठूच्या खांद्यावर बसून त्या खोलीत जात असे. तिच्यासाठी त्याने खिळ्यावर एक छोटी पिशवी टांगून ठेवली होती, खारे शेंगदाणे भरून. तिने विचारले, "काकांकडे फोन कसला आहे?"

तिने विठूला त्या खेळाचा दुवा पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: "काका, चौथा गडी कमी पडतोय." मेंढीकोटच्या वेळी आम्ही गल्लीत उभे राहून हीच हाक मारीत असू. तिला ती कशी आठवली, कोण जाणे. मी म्हणालो, तो येणार नाही.

दुसरा गडी मी झालो, संचिताच्या जुन्या संगणकावर; तिसरा गडी म्हणून गुणवंतला घेतले. तो म्हणाला, "या वयात? लोक काय म्हणतील?" आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, "उत्तम, खेळात माझं डोकं लाल आहे, तुझं निळं का? मला निळं पाहिजे होतं."

चौथी जागा काही दिवस रिकामी राहिली. मग एका सकाळी संचिता ओरडली, "बाबा! कोणीतरी टाकी भरून गेलंय!"

टाकी बर्फाने काठोकाठ भरली होती. जमिनीवरचा दगडांचा चुरा झाडून एका कोपऱ्यात ढीग लावला होता. कुदळ, पाना, सर्व वस्तू जागच्या जागी. आणि चौथ्या बिछान्यावर पांढऱ्या शिरस्त्राणाचा एक चौकोनी माणूस निजला होता.

"दुसरी पाळी," मी म्हणालो.

विठू येऊ लागला. सड्यावर ज्या काजूच्या झाडाखाली मोबाइलला रेंज मिळते तेथे बसून तो खेळत असे, हे आम्हांस मागाहून समजले. परंतु तो एक अक्षर लिहीत नसे. आम्ही लिहायचो, "विठू, कसा आहेस?" पांढरा माणूस क्षणभर थांबे, आणि बर्फ आणायला निघून जाई. मी फोन करायचो, तो उचलत नसे. काम मात्र चोख. संध्याकाळी आम्ही तिघे निघालो की त्याची पाळी सुरू होई.

खोली वाढत गेली. गुणवंतने चारही बिछाने एका ओळीत लावले आणि प्रत्येकाजवळ एक-एक पेटी ठेवली. कोपऱ्यात मी लाल दिवा लावला. संचिता वैतागली. "अहो, इथे मशीन लावायचं होतं मला! हे स्पेस स्टेशन आहे का धर्मशाळा?"

"तुझं मशीन पेटीवर ठेव," फोनच्या स्पीकरवरून गुणवंत म्हणाला. "पण माझ्या पेटीवर नको."

आम्हां दोघांना त्या चौकोनी भिंतींत काय दिसत होते, ते तिला समजावणे कठीण होते. मी काही वेळा खेळतच नसे. नुसता त्या लाल दिव्याकडे पाहात बसे. मंदा इस्त्रीच्या टेबलावरून डोकावून म्हणे, "खिळे नाही लावलेत?" ती थट्टा करीत होती, परंतु तिने बारकाईने पाहिले होते. खिळे लावण्याची सोय त्या खेळात नव्हती.

आता वाचकांस त्या खेळाचा एक नियम सांगणे अगत्याचे आहे. खोलीला एक दार असते. एरवी ते आतून-बाहेरून कसेही उघडते. परंतु अधूनमधून उल्कांचे वादळ येते. त्या वेळी दार बंद केले की ते वादळ संपेपर्यंत कोणालाच उघडता येत नाही. उघडे ठेवले तर आतील हवा भराभर निघून जाते. बाहेर राहिलेला माणूस मरतो; मात्र तो थोड्या वेळाने आपल्या बिछान्यावर पुन्हा जिवंत होतो, फक्त त्याच्या हातातील सामान जाते. परंतु खोलीतील हवाच संपली, तर सगळे मरतात आणि खोलीही पुसली जाते. पुन्हा पहिल्या खडकापासून आरंभ. संचिताने हे आम्हांस अनेकदा सांगितले होते. आम्ही माना डोलावल्या होत्या.

बैठकीच्या आदल्या रविवारी, जेवण झाल्यावर, आम्ही तिघे खेळत होतो. त्या दिवशी प्रथमच विठू दुपारचा आला. आम्हांला आनंद झाला. गुणवंत म्हणाला, "आज फर्स्ट शिफ्ट? बैठकीचं विचारू का त्याला?" मी म्हटले, थोडे थांब. विठूचा पांढरा माणूस दारातून बाहेर पडला आणि पलीकडच्या दरीतून बर्फ आणू लागला. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेस तो परत निघाला आणि वाटेतच थबकला.

"विठूकाका थांबले का?" संचिता म्हणाली. त्याच्या डोक्यावर एक छोटी खूण फिरू लागली. "रेंज गेली त्यांची."

त्याच क्षणी पडदा तांबडा झाला आणि घंटा वाजू लागली. वादळ येत होते.

"बाबा, दार!"

माझा निळा माणूस दाराशीच उभा होता. एक कळ दाबायची होती. मी कळीवर बोट ठेवले. दारातून मला तो पांढरा माणूस दिसत होता. हातात बर्फाची लादी, तोंड आमच्याकडे.

"बाबा, लावा ना दार! काय बघताय?"

"तो येतोय."

"येत नाहीयेत ते, त्यांची रेंज गेलीय! बाबा, ते मरत नाहीत, परत बेडवर उठतात! फक्त बर्फ जाईल! हवा बघा, हवा!"

हवेचा आकडा भराभर खाली येत होता. तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते आणि मला ते समजतही होते. तेवढ्यात फोनमधून गुणवंतचा आवाज आला. जो माणूस नियमाबाहेर बोट हलवत नाही, तो ओरडत होता.

"उत्तम, कडी लावू नको रे! विठ्या बाहेर हाय!"

आणि त्याचा लाल माणूस धावत आला व त्याने लोखंडाची एक तुळई आणून दाराच्या मध्ये आडवी टाकली. दार आता बंद करता येण्यासारखेच उरले नाही. खोलीवर ती चप्पल कोण ठेवीत असे, हे मला त्या क्षणी आठवले. गुणवंतच ठेवीत असे.

"अरे काय केलंत तुम्ही दोघांनी!" संचिताने कपाळावर हात मारला. "आता मरा सगळे!"

तुळई तिच्या हिरव्या माणसाच्या पायाशी पडली होती. ती तिने उचलली असती तर खोली वाचली असती. तिने ती उचलली नाही. हिरवा माणूस दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहिला आणि बाहेर पाहू लागला. मी कन्येकडे पाहिले. ती संगणकाकडे पाहात होती, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

हवा संपली. आधी बटाटे सुकले. मग लाल, मग निळा, मग हिरवा, असे आम्ही तिघे दाराशीच आडवे झालो. शेवटपर्यंत जळत राहिला तो कोपऱ्यातला दिवा. मंदा मागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "गेलात का?"

"गेलो," मी म्हणालो.

फोनमधून गुणवंतच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. त्याने नंतर तो सर्दीचा होता असे सांगितले. संचिता म्हणाली, "थोड्या वेळात सगळं पुसलं जाईल. बघून घ्या काय ते."

पडद्यावर हालचाल झाली. पांढऱ्या माणसाच्या डोक्यावरची खूण नाहीशी झाली. वादळात त्याचा जीव कसा वाचला, याचे उत्तर संचितालाही देता आले नाही. ती म्हणते की रेंज गेलेल्या माणसाला हा खेळ हात लावत नसावा. ही गोष्ट आम्हांला आधी ठाऊक असती, तर दार आम्ही लावले असते का? मला वाटते, नसते. तो माणूस हातात बर्फ घेऊन चालत आला. दाराशी थांबला. आडवी तुळई पाहिली, आणि आम्ही तिघे तेथेच पडलेले पाहिले. त्याने बर्फाची लादी खाली ठेवली. मग तो एका जागी इतका वेळ उभा राहिला की, रेंज पुन्हा गेली असे आम्हांस वाटले. त्यानंतर पडदा काळा झाला आणि आकाशातली खोली नाहीशी झाली.

काही वेळाने माझा मोबाइल वाजला. विठूचे नाव पाहून मी तो उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"उत्त्या," तो म्हणाला. मागे सड्यावरच्या वाऱ्याचा घोंगाट होता. "दाराची कडी कुणी लावली नाय?"

"लावणार कशी? तू बाहेर होतास."



"आणि ते आडवं काय हुतं, दारात?"

"चप्पल," अजून चालू असलेल्या संचिताच्या फोनवरून गुणवंत म्हणाला.

विठू हसला की रडला, मला वाऱ्यामुळे नीट उमगले नाही. मग मात्र त्याचा तो जुना, मोठा आवाज फुटला. "अरे गाढवांनो! सगळी हवा घालवलीत! एवढा बर्फ काय तुमच्या बापानं आणलेला? संचे, तू तरी अक्कलवाली ना गं? तू काय करत हुतीस?"

"मी तुमची वाट बघत होते, काका," संचिता म्हणाली.

यावर तो पुन्हा गप्प झाला. हे गप्प होणे पूर्वीचे नव्हते. मी घाईघाईने खोलीचे, बैठकीचे, नियमाचे सांगू लागलो. माझी वाक्ये एकमेकांत अडकत होती. त्याने मला मध्येच तोडले.

"बैठक कंदी हाय?"

"येत्या रविवारी."

"चार दिवसांसाठी येतो. बघायला. राहायला म्हणून नाय हां, सांगून ठेवतो."

गुणवंत लगेच म्हणाला, "चार दिवस राहणारा माणूस राहणाराच असतो. मी चिटणीस आहे, नियम मला माहीत आहेत." असा कोणताही नियम आमच्या मंडळात नाही.

विठू शनिवारी आला, पत्र्याची पेटी घेऊन. अकराव्या मजल्यावर जाऊन त्याने नव्या खोलीला इतकी नावे ठेवली की आमचे मन भरून आले. लादी निसरडी आहे, रंगाचा वास डोक्यात जातो, खिडकीतून माणसे मुंग्यांसारखी दिसतात. किराणा दुकान कोठे गेले? शेठ कोठे गेले? मी सांगितले की शेठ मुलाकडे सुरतेला गेले. तो म्हणाला, "मग आता कोण हरला ते कोण विचारणार?" जुनी खोली परत मिळत नाही, हे मला ज्ञात आहे. बारा खिळ्यांपैकी कित्येक खिळ्यांचे धनी आता फोटोत आहेत. नव्या भिंतीला खिळा ठोकला तर त्याभोवतीचा गिलावा निखळून पडतो.

त्या खोलीच्या दाराला आपोआप बंद होणारे कुलूप आहे. दार ओढले की बाहेरचा माणूस बाहेर. विठूने ते दोनदा उघडून-लावून पाहिले आणि मान हलवली. मग पेटी उघडली आणि तळातून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. ती आमच्या खोलीची कडी होती. खोली रिकामी केली त्या दिवशी त्याने ती उपटून घेतली होती, आणि गावी तीच उशाशी ठेवून तो गप्प झाला होता.

सुताराने ती नव्या दाराला बसवली. ती वाकडी बसली आहे. दार जाड आणि कडी आखूड. लावताना आजही दार थोडे उचलावे लागते. वॉचमन म्हणतो, "काका, ये क्या लगा दिया, ऑटोमैटिक है ना?" विठू त्याला म्हणतो, "ये हमारा ऑटोमैटिक है."

बैठकीत खोलीचा विषय निघाला तेव्हा गुणवंत उभा राहिला आणि म्हणाला, "खोलीत माणूस आहे." तेवढ्यावर तो विषय संपला. विठूचे ते चार दिवस अद्याप सुरू आहेत. विचारले तर तो म्हणतो, आणखी चार दिवस बघतो.

आकाशात आम्ही नवी खोली बांधायला घेतली आहे. या वेळी विठूच्या सांगण्यावरून दाराबाहेर एक छोटी पडवी काढली आहे, तिला तिचे वेगळे दार. मागे राहिलेला माणूस पडवीत येऊन थांबू शकतो आणि आतली हवा जात नाही. संचिता म्हणते की ही सोय त्या खेळात पहिल्यापासून होती आणि तिने आम्हांस दाखवलीही होती. तसे असेल. आम्ही तेव्हा लाल दिवा कोठे लावावा, या विचारात होतो.

परवा संध्याकाळी मी विठूकडे गेलो होतो. डाव संपला, तो हरला, किंवा आम्ही तसे म्हणालो. गुणवंत खाली पान आणायला गेला होता. विठूने दारात चप्पल आडवी घातली होती. मी भिंतीला टेकून बसलो आणि माझा डोळा लागला. थोड्या वेळाने मला गुणवंतची पावले ऐकू आली, चप्पल सरकल्याचा आवाज आला, आणि मग कोणीतरी दार थोडेसे उचलले.

खट्.

वाचकहो, मला गाढ झोप लागली.

येथवर आपण माझ्यासोबत आलात, माझ्या तुटक्या दोऱ्यांचे हे पुस्तक उलगडून पाहिलेत, याबद्दल मी आपणां सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. लेखनात जे उणे राहिले असेल, ते सातवीनंतरचे समजून घ्यावे.

आपला नम्र,
उत्तम सोनू पाष्टे
भाईंदर पूर्व